केळव्याचे शिंपले आणि नळाचा अर्ज

उंबरपाडा, आटगाव
६ एप्रिल

कुणालीच्या बाबांस,

नमस्कार सरस्वतीवन्संना सांगा. तुमाला नाय.

चौदा दिवस झाले, फोन लावला की नुसता कट होतो. काल शेजारच्या धोंडीबाईच्या फोनवरून लावला तर पहिल्या रिंगला उचललात, माझा आवाज ऐकलात आणि ठेवलात. बरं. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी कुणाचं आहे ते आधी बघावं लागतं, आणि तुमाला मी चांगली ओळखते, वाचल्याशिवाय तुमी फाडणार नाय.

मुरबाडला बहिणीच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय म्हणे, बायकोनं माझे मासे मारले. सांगा. तोंड तुमचं आहे. मला माशांवरून भांडायला टाइम नाय. माझं काम एका सहीचं आहे. तेवढं करा आणि मग पाहिजे तितके दिवस रुसून बसा, वन्सं भाकरी घालतायत तोवर.

काम असं. आपल्या पाड्यात नळ येतोय. दारात. धरण आपल्या डोंगरामागं, त्याचं पाणी एवढी वर्षं पार मुंबईला गेलं आणि आता आमची आठवण झाली. रस्त्याच्या कडेनं खणायला सुरुवात झालीय, पाइप येऊन पडलेत. ज्यांचे अर्ज ३० एप्रिलच्या आत जातील त्यांनाच या टायमाला जोडणी. बाकीच्यांना पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे काय ते मी तुमाला सांगू? तीस वर्षं तुमी सरकारी पाण्यावर नोकरी केलीत.

घर तुमच्या नावावर. ग्रामसेवक म्हणाला, "वहिनी, घरमालकाची सही लागेल. आहेत ना मालक?" मी म्हटलं, आहेत, मुरबाडला आहेत, धडधाकट आहेत, फक्त रुसलेत. सगळी पंचायत हसली. मला हसू आलं नाय.

फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीनं फुली मारलीय तिथं सही करायची. परतीचं पाकीटही घातलंय, पत्ता लिहून, तिकीट लावून. तुमाला जीभ लावायचेही कष्ट नकोत.

माशांचं एकदाच सांगते आणि विषय संपवते. शिंपले मी शोभेसाठी टाकले. बचत गटाच्या बायकांबरोबर फेब्रुवारीत केळव्याच्या समुद्रावर गेले होते तेव्हा आणलेले, थोड्या वाळू-लाकडासकट. त्या काचेच्या पेटीत नुसतं पाणी आणि दोन काळे दगड, बघायला कसंतरीच वाटायचं. मला वाटलं, शिंपले पाण्यातले, मासे पाण्यातले, एकमेकांना बरं वाटेल. गोड्या पाण्याच्या माशाला समुद्राची वस्तू चालत नाय हे मला अडाणी बाईला काय ठाऊक? सातवी शिकलेली मी. धरणाच्या फिल्टर प्लांटवर पाणी तपासणारे तुमी.

पेटी धुऊन उन्हात ठेवलीय. काच शाबूत आहे.

सही करा.

सौ. चंद्रकला


उंबरपाडा
१३ एप्रिल

सरस्वतीवन्संच्या भावास,

तुमचं पाकीट आलं. घाईघाईनं उघडलं. फॉर्म आहे, सही नाय. उलट फॉर्मच्या पाठीवर निळ्या शाईनं पाच प्रश्न. शिंपले किती होते, वाळू किती वेळा धुतली, लाकूड उकळलं का, पाणी कुठलं घातलं, पहिला मासा कोणत्या दिवशी गेला. वर लिहिलंय, "खरी उत्तरे द्यावीत."

अहो, चौकशी समिती बसवलीत का? दारात नळ मागितला मी, जामीन नाय मागितला. आणि सरकारी फॉर्म खराब केलात तो वेगळाच. आता दुसरा आणायला परत पंचायतीत जायचं, परत सगळ्यांनी विचारायचं, काय वहिनी, आला का रुसवा उतरून?

घ्या उत्तरं. शिंपले एक पाटीभर. मोजले नाय, मोजायला का मोती होते? वाळू धुतली नाय. वाळू धुवायला पाणी लागतं, आणि इथं एप्रिल महिना आहे हे मुरबाडला पंख्याखाली बसून विसरला असाल. लाकूड लाटांनी घासून गुळगुळीत झालेलं होतं, माझ्या हाताएवढं, उकळायला तेवढं मोठं पातेलं नाय आपल्याकडं. पाणी बोअरचं.

हो. बोअरचं. पुन्हा वाचा पाहिजे तर.

घरामागच्या बोअरचं ते पाणी, ज्यात डाळ शिजत नाय. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. पातेल्याला पांढरा थर बसतो, केसांचा सुंभ होतो. ते पाणी मी भांडी, धुणं, अंघोळीला वापरते आणि डाळीपुरतं, पिण्यापुरतं टेकडीखालच्या विहिरीवरून आणते. जाताना उतार, येताना चढ. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी. तुमी कधी ती वाट उतरलात? आठवून बघा. वाट मोटारसायकलची नाय म्हणून तुमच्या कामाची नाय.

रिटायर होईपर्यंत तुमचं ठीक चाललं होतं. फिल्टरवरून दोन कॅन गाडीला बांधून आणायचात, पेटीत ओतायचात, मला काय त्याचं नव्हतं. रिटायर झालात आणि कॅन बंद झाले. मग तुमच्या त्या डिस्कस माशांना हलकं पाणी कुठून आणायचं? तुमचा गुडघा दुखतो. पुरुषानं डोक्यावर हंडा घेतलेला आपल्या पाड्यात कुणी पाहिला नाय. मग राहिलं कोण? दर मंगळवारी चार हंडे माशांचे जादा. दोन वर्षं. मी चढ चढून आणायचे, तुमी ती कागदाची पट्टी बुडवायचात, रंग बघायचात आणि मान हलवायचात, "आज चांगलं आहे." जसं काय विहिरीला तुमीच पान्हा फोडलात.

आणि जुनं पाणी तुळशीला ओतायचात. अर्ध्या पेटीचं पाणी! माझ्या डाळीचं पाणी!

पाचवा प्रश्न. पहिला मासा गुरुवारी गेला. तुमी माझ्या भाचीच्या हळदीत नाचत होतात त्या दिवशी. नाचतानाचा व्हिडिओ कुणालीनं मला पाठवला होता. गुडघा काय छान चालत होता.

त्या लग्नाला मी का नव्हते, ते सांगितलंत का वन्संच्या ओट्यावर? की ते राहून गेलं? माझी एकुलती भाची, तिच्या हळदीसाठी मी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. तुमी म्हणालात, पाच दिवस पेटीकडं कोण बघणार, मंगळवारचं पाणी कोण बदलणार, अंडी घातलीत, तू थांब. मी थांबले. लग्नघरातून तुमचा एक फोन आला. "पाणी बदललंस का?" बस. जेवलीस का नाय, एकटी आहेस तर दार नीट लावतेस का नाय, काही नाय. पाणी बदललंस का.

दुसरा फॉर्म उद्या आणून ठेवते. सतरा दिवस उरलेत. तुमचे प्रश्न संपले असतील तर सहीचं बघा.

चंद्रकला


उंबरपाडा
१९ एप्रिल

तुमाला,

काल वन्संचा फोन आला. तुमी समोर बसून त्यांच्याकडून बोलवून घेत होतात, मला ऐकू येत होतं, मध्येच खोकलात. स्वतःच्या तोंडानं बोलायचं नाय, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तो सही करतो म्हणतोय. फक्त तू एवढं लिहून दे, मला त्यातलं काय कळत नव्हतं, अडाणीपणानं माझ्या हातून झालं, पुन्हा त्याच्या पेटीला हात लावणार नाय. एवढंच मागतोय बिचारा. मासे त्याला पोटच्या पोरांसारखे होते गो."

मी वन्संना काही बोलले नाय. त्यांचा काय दोष? तुमाला सांगते. पोटची पोर जन्मली तेव्हा तुमी ड्युटीवर होतात. तिसऱ्या दिवशी आलात, पोरीला बघितलंत आणि डॉक्टरीणबाईला विचारलंत, दवाखान्यात पाणी कुठलं येतं. आणि त्या डिस्कसनी अंडी घातली तेव्हा काचेसमोर पाट टाकून बसलात, जेवायचं ताटही तिथंच मागवलंत. मला म्हणालात, "बघ, ह्यांची पिल्लं आईबापाच्या अंगावरचं चाटून वाढतात. दोघं मिळून सांभाळतात." डोळ्यात पाणी होतं तुमच्या. मी ते बघून चुलीकडं गेले.

असो. धोंडीबाईला विचारलं, काय करू? ती म्हणते, "लिही गो. कागदच तो. तीन ओळी लिही, सही घे, आणि मग जा म्हणावं खड्ड्यात. अडाणी म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाय. नळ आल्यावर कोण वाचतंय?"

तिचं बरोबर आहे. तिची जोडणी मंजूर झालीय. तिच्या दारापर्यंत खड्डा आला, पुढचा खुंटा आपल्या अंगणाच्या कोपऱ्यावर ठोकलाय. खणणारे विचारत होते, इथं नळ घ्यायचाय का पुढं जायचं. मी म्हटलं, घ्यायचाय. कागद येतोय.

लिहायला बसले. "मी, चंद्रकला सावळाराम, राहणार उंबरपाडा, लिहून देते की मला यातले काही कळत नव्हते." इथपर्यंत झालं. मग पेन थांबलं. दुसरा कागद घेतला. परत तिथंच थांबलं. पहिल्या पत्रात मीच अडाणी असल्याचं लिहिलं होतं ना? तेव्हा हात थांबला नव्हता. तेव्हा ते मी तुमाला टोचायला लिहिलं होतं. आता तुमाला ते माझ्या सहीनं पाहिजे, घडी घालून खिशात ठेवायला, आणि जन्मभर बाहेर काढून दाखवायला.

थांबा दोन दिवस. काय लिहायचं ते लिहून पाठवते.

चंद्रकला


उंबरपाडा
२३ एप्रिल

सावळाराम,

चक्क नाव घेतलंय, दचकू नका. तीस वर्षांत लग्नातल्या उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आजचं पत्र कुणालीच्या बाबांना नाय आणि वन्संच्या भावालाही नाय. तुमालाच आहे.

तुमाला लिहून पाहिजे होतं, तर घ्या लिहून. मला कळत होतं. सगळं कळत होतं.

केळव्याला गेले ती माझी समुद्र बघायची पहिली वेळ. वय बावन्न. बाकीच्या बायका देवीचं दर्शन घेऊन भेळ खायला बसल्या, मी चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालत सुटले. एवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यातला एक थेंब कुणी मला आणायला सांगत नव्हतं. मी इतकी हसले की बायका म्हणाल्या, चंद्रकलाला लागलं की काय समुद्राचं वारं. ओटीत मावतील तेवढे शिंपले गोळा केले. पांढरे, पिवळट, जांभळ्या कडेचे. एक शंख सापडला, गुलाबी रेघांचा, बोटाएवढा, कुठं टवका नाय. ते लाकूड. पिशवीभर वाळू. माझं आपलं असं मी कधी काही आणलं नव्हतं घरात. जत्रेतून आणलं तर ते कुणालीसाठी, नाहीतर स्वयंपाकघरासाठी.

घरी आल्यावर ओट्यावर फडकं पसरून मांडले आणि तुमाला हाक मारली. मला वाटलं होतं, पेटीत लावूया का विचारावं. तुमच्या पेटीत माझं काहीतरी असावं. पाणी तर माझंच होतं, पण पाणी दिसत नाय.

तुमी आलात. म्हणालात, "हा कचरा कशाला आणलास?" मी म्हटलं, पेटीत शोभेल. तर तुमी हसलात. मग शिकवायला बसलात. शिंपला म्हणजे चुना, पाण्यात विरत जातो, हलकं पाणी जड होतं, डिस्कस मरतात. वाळूत मीठ, लाकडात मीठ, शंखात मेलेला किडा, तो सडतो. मी ऐकलं. तीस वर्षं तुमची पाण्यावरची व्याख्यानं ऐकतेय, एवढं कळायला सातवी पुरते. मी म्हटलं, बरं, नाय लावत.

तरी तुमाला दाखवायचंच होतं. वाटी आणलीत, लिंबू पिळलंत आणि त्यात टाकायला एवढ्या शिंपल्यांतून नेमका तो गुलाबी शंख उचललात. फसफसला. "बघ, बघ," म्हणालात, पोरासारखे खूश होतात. शंख वाटीतच राहू दिलात आणि निघून गेलात, मटण आणायचं होतं म्हणून. सकाळी मी काढला तेव्हा रेघा उडालेल्या, अंग खरखरीत झालेलं. फडक्यावर निदान दोनशे शिंपले होते, सावळाराम. एखादा फुटका घ्यायचा होता.

तुमी तेव्हा मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाय. तुमाला दिसलंच नाय तो कुठला होता. मला राग त्याचाच आला, आणि तो गेला नाय.

मग ते लग्न, आणि तो फोन. पाणी बदललंस का. मी फोन ठेवला. मंगळवारचे चार हंडे भरून आणलेले होते, दारात ठेवलेले, हाताला अजून चुंबळीचा वास. मी त्यातल्या एका हंड्यातून डाळीला पाणी घातलं आणि उरलेल्यानं डोक्यावरून अंघोळ केली. दोन वर्षांत पहिल्यांदा गोड्या पाण्यानं केस धुतले. मग पेटीत बोअरचं ओतलं, आणि कोनाड्यातली पाटी आणून वाळू, लाकूड, शिंपले सगळं आत सोडलं. नीट मांडून. सुंदर दिसत होतं, खरं सांगते. तुमाला बघायला मिळालं नाय.

आता जे सांगते ते धोंडीबाईलाही सांगितलेलं नाय. दुसऱ्या दिवशी मासे काळवंडले. तिसऱ्या दिवशी वर येऊन तोंडं उघडायला लागले. त्या अंडीवाल्या जोडीतला मोठा कोपऱ्यात डोकं लावून उभा होता. मी पदर खोचला, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, मुठीत शिंपले धरले. बाहेर काढले असते तर वाचले असते, निदान काही. दारात अजून दीड हंडा गोडं पाणी होतं. मी मूठ उघडली आणि हात बाहेर काढला. मासा माझ्या बोटांपाशी आला होता, रोज मीच खायला घालायचे ना. ते मला विसरता येत नाय आणि येणारही नाय.

माशांचा काही गुन्हा नव्हता. पपईच्या आळ्यात पुरले पाचही, आणि हात जोडून त्यांची माफी मागितली. मोठ्यानं मागितली, रडले पण. तुमची मागणार नाय.

तर अडाणीपणानं झालं नाय. ज्यानं झालं ते सगळं वर लिहिलंय. मी वाईट वागले, पण येड्यासारखी वागले नाय. तुमी मला काय वाटेल ते म्हणा, खुनशी म्हणा, कैदाशीण म्हणा, ऐकून घेईन. "तिला बिचारीला कळत नव्हतं" एवढं म्हणू देणार नाय. ते ऐकून नळ घेण्यापेक्षा हंडा परवडला.

दुसरा फॉर्म सोबत ठेवलाय. सही करायची तर हे सगळं वाचून करा. नाय केलीत तर खणणारे पुढं जातील आणि मी विहिरीवर जाईन, जशी जात होते. मान दुखते आताशा, डाव्या बाजूची, डॉक्टर म्हणाला ओझं उचलू नका. मी त्याला म्हटलं, बरं.

चंद्रकला


उंबरपाडा
१ मे

सावळाराम,

परवा सकाळी तुमी येऊन गेलात.

धोंडीबाई सांगते, साडेसहाच्या सुमाराला आलात, दाराला कुलूप बघितलंत, "कुठं गेली?" विचारलंत. ती म्हणाली, "कुठं जाणार? पाण्याला." तुमी चहा नको म्हणालात आणि टेकडीकडं निघालात. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता म्हणे. तिला वाटलं आता इथं मारामारी होते, म्हणून ती कुंपणापर्यंत मागून आली. तिथून तिला फक्त तुमची पाठ दिसत होती. पुढचं तिनं बघितलं नाय, मी बघितलं.

मी चढावर होते. मोहाच्या झाडाशी तुमी उभे. तुमाला वाटलं असेल माझी नजर पायाखाली आहे. डोक्यावर दोन हंडे असले की मान हलवता येत नाय, पण डोळे हलतात. तो निळा शर्ट मीच शिवून घेतलेला, मला कळणार नाय? तुमच्यात आणि माझ्यात पन्नास पावलं असतील. मी थांबले नाय. चढावर थांबलं की परत पाय उचलत नाय, म्हणून थांबायचं नसतं, हे तुमाला माहीत नाय.

तुमी बघत राहिलात. माझा पाय दगडावरून सरकला तेव्हा तुमचा हात पुढं आला, रिकाम्या हवेत, तेवढ्या लांबून. मी सावरले. मी सावरतेच. मग तुमी तोंड फिरवलंत आणि माझ्या आधी भराभर वर निघून गेलात. नवरा माणूस, हातात काही नाय, पट्टा बांधलेला गुडघा ओढत पळतोय, आणि मागून बायको दोन हंडे घेऊन येतेय. मला इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. हाक मारणार होते, शिवी देणार होते खरं तर. दम पुरला नाय.

घरी पोचले तोवर तुमी गेला होतात. काल मी शेवटचा दिवस म्हणून पंचायतीत गेले, ग्रामसेवकाच्या पाया पडायची तयारी करून. त्यानं फाइल काढून दाखवली. अर्ज आलेला होता, परवाच, दहा वाजता, तुमी स्वतः दिलेला. मालकाची सही केलेली. आणि अर्जदाराच्या जागी तुमचं नाव मी भरलं होतं ते खोडून, वर तुमच्या त्या निळ्या शाईनं माझं. पूर्ण नाव. ग्रामसेवक म्हणाला, "वहिनी, नळ तुमच्या नावावर होणार. साहेबांनी घराला पण तुमचं नाव लावायचा अर्ज दिलाय. मग पाणी मागितलं प्यायला."

फॉर्मवर माझी सही केली. एकेक अक्षर सावकाश काढलं, शेजारी कोण होतं त्यांना वाटलं बाईला लिहिता येत नाय.

आता नीट ऐका. ह्या सहीनं फिट्टंफाट झाली असं समजून मुरबाडला निवांत बसला असाल तर तसं काही नाय. मी अजून चिडलेली आहे. तुमी माझ्यावर चिडलेले असाल तर तेही बरोबर आहे, तुमचे मासे मी मारलेत, ते मी नाकारत नाय. त्याचं भांडण व्हायचंय अजून, आणि ते मला पत्रातून करायचं नाय. वन्संच्या तोंडून तर नायच नाय.

नळाला पाणी यायला महिना-दीड महिना लागेल म्हणतात, खालची टाकी अजून बांधायची आहे. तोवर रोज सकाळी सहाला मी विहिरीवर असते. कमरेची कळशी माणसाला हातातही धरता येते, त्यासाठी डोकं लागत नाय की गुडघा लागत नाय.

वाट तुमी बघून गेलात.

चंद्रकला